घरातली जुनी जेडची कोरीवकामं: खरी की नकली, कसं ओळखायचं?

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. थोडी घाई आहे, म्हणून सगळं एकदम मांडते.

आमच्या ओळखीच्या एक आंटी गोव्यात सासष्टीत एकट्याच राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे आजोबा पोर्तुगीज सरकारच्या नोकरीत चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला होते. तिथून आणलेलं पुष्कळसं सामान वाटण्यांमध्ये गेलं. काचेच्या कपाटात आता तीनच वस्तू उरल्या आहेत, आणि आंटी त्यांना ‘जेड’ म्हणतात:

एक हिरवा बसलेला सिंह, तळहातावर मावेल एवढा. एक फिकट, राखाडी झाक असलेली लांबोडकी वस्तू. एका टोकाला ड्रॅगनचं डोकं वळलेलं आणि पाठीवर दुसरा छोटा ड्रॅगन कोरलेला. तिसरी एक छोटी चपटी कुपी, गर्द हिरवी. तिच्या बुचाला आतून एक इवलासा चमचा चिकटवलेला आहे.

गेल्या आठवड्यात जुन्या वस्तू घेणारा एकजण घरी येऊन गेला. सिंह हातात घेऊन म्हणाला, हा मिंग काळातला, याचे पैसे देतो. बाकीच्या दोन किरकोळ आहेत, त्या सोबत न्याव्या लागतील. आकडा ऐकून आंटी हरखल्या आहेत आणि तो परत येणार आहे. त्यांना औषधपाण्याला पैसे हवेत, त्यामुळे ‘विकूच नका’ असं मी सांगू शकत नाही. पण काय विकतोय हे तरी कळायला हवं. घरच्या घरी काय तपासता येईल?

बार्देशचा_बाबा

ब्लेडचं टोक तळाला ओढून बघा. ओरखडा उठला तर नकली. जेडवर लोखंड चालत नाही. शिवाय खरं जेड हाताला थंड लागतं. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात मी असंच बघून घेतो.

खाणवाट_डिचोली

बाबा, कृपा करून जुन्या वस्तूवर ब्लेड ओढायला कुणाला सांगू नका. ओरखडा कायमचा राहतो आणि हाती काहीच लागत नाही. साधं पोलाद कठीणपणाच्या मापावर साडेपाचच्या आसपास येतं. जेड ६ ते ७. पण जेडच्या नावाने सर्वात जास्त खपतो तो सर्पेंटाइन हा दुसराच हिरवा दगड, आणि त्याचा बोवेनाइट नावाचा घट्ट प्रकार ५ ते ६ पर्यंत जातो. अ‍ॅव्हेंच्युरीन म्हणजे हिरवं क्वार्ट्झ तर ७ आहे. अ‍ॅव्हेंच्युरीन ब्लेडला दाद देणार नाही, बोवेनाइटही कित्येकदा देत नाही, आणि तुम्ही खुशीत घरी याल. थंडपणाचंही तेच. कुठलाही दगड, जाड काचसुद्धा, हाताला थंडच लागते. त्यावरून फार तर प्लास्टिक आणि राळेचा माल वगळता येतो.

अबोलीताई, मी भूशास्त्रवाला, उभी नोकरी लोहखनिजाच्या पट्ट्यात झाली. त्यामुळे दगडापुरतं बोलतो. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवा. हा दगड जेड आहे का? आणि हे कोरीवकाम जुनं आहे का? पहिल्याचं उत्तर मोजमापाने मिळतं. दुसऱ्याचं तसं मिळत नाही. विकणारे आणि विकत घेणारे, दोघेही पहिलं उत्तर दाखवून दुसरं गळी उतरवतात.

आधी दगड. ‘जेड’ या एका नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात. नेफ्राइट हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं सिलिकेट. त्याचे तंतू काथ्याच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून ते सहजी फुटत नाही आणि त्यात जाळीदार नाजूक काम टिकतं. जेडाइट हे सोडियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं. ही दोन वेगळी खनिजं आहेत हे १८६३ मध्ये फ्रेंच खनिजतज्ज्ञ अलेक्सी दामूर यांनी दाखवलं. चीनमधलं हजारो वर्षांचं जुनं काम नेफ्राइटचं आहे. त्यातला सर्वात नावाजलेला दगड आजच्या शिनजियांगमधल्या खोतानच्या नद्यांतून यायचा. पोपटी-हिरवा जेडाइट येतो ब्रह्मदेशातून, काचिन भागातून, आणि तो चीनमध्ये भरपूर पोहोचला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. त्यामुळे कुणी जेडाइटची वस्तू दाखवून ‘मिंग’ म्हणाला, म्हणजे १६४४ च्या आधीची, तर तिथेच थांबायचं.

आता घरी करता येण्यासारखी चाचणी. सोनाराकडे असतो तसला दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा मिळवा. वस्तू कोरडी असताना वजन घ्या. मग काट्यावर पाण्याने भरलेलं भांडं ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. वस्तू बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी हाताने धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर आता जो आकडा येईल तो वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे कोरीवकामाच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. कुपीचं बूच काढून ठेवा आणि ती आतून पाण्याने पूर्ण भरा. आत हवा राहिली तर आकडा साफ चुकतो. चमचा आणि बूच मात्र ओले करू नका.

नेफ्राइट २.९० ते ३.०३ मध्ये येतं, जेडाइट ३.३० ते ३.३८. सर्पेंटाइन २.६ च्या आसपास, क्वार्ट्झ २.६५, रंगवलेला संगमरवर २.७. काचेचा नेम नाही, पण साधी काच अडीचच्या जवळ असते. जाळीकामाची वस्तू असेल तर दोन-तीनदा मोजा. आकडे आले की इथे टाका.

तांबडी_माती

खाणवाटकाकांच्या म्हणण्याला एक जोड देतो. मी बांधकामात आहे. आपल्याकडे फ्लॅटच्या जिन्याला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याला जो ‘हिरवा मार्बल’ लावतात, राजस्थानात उदयपूरजवळच्या केसरियाजीचा, तो मुळात मार्बल नाही, सर्पेंटाइनच्या जातीचा दगड आहे. त्याचेच गणपती आणि बुद्ध कोरून ‘जेड’ म्हणून विकतात. हडफड्याच्या शनिवारच्या रात्रीच्या बाजारात पर्यटक हौसेने घेतात. शोभेची वस्तू म्हणून घ्या, काही हरकत नाही. जेडचा भाव मात्र देऊ नका.

शंखशिंपले

मुंबईत मण्यांच्या दुकानात ‘इंडियन जेड’ म्हणून माळ घेतली होती. आत बारीक चमचम दिसते. ते काय?

खाणवाट_डिचोली

ते अ‍ॅव्हेंच्युरीन. क्वार्ट्झच्या आत फुक्साइट नावाच्या हिरव्या अभ्रकाचे पापुद्रे असतात, ते चमकतात. जेडच्या आत असे ठिपके चमकत नाहीत. बाजारात नावापुढे देश लागला की सावध व्हायचं: ‘ऑस्ट्रेलियन जेड’ म्हणजे क्रिसोप्रेज, ‘मेक्सिकन जेड’ म्हणजे बहुतेकदा रंगवलेला कॅल्साइट, ‘ट्रान्सवाल जेड’ म्हणजे गार्नेटचा एक प्रकार. हा शेवटचा मात्र वजनात फसवतो, त्याची घनता जेडाइटच्याही थोडी वर जाते.

अबोली_फोंडा

खाणवाटकाका, मनापासून आभार. काल आंटींच्या स्वयंपाकघरात बसून मोजलं. भाचीचा नवरा सोन्याच्या दुकानात आहे, त्याने काटा दिला. प्रत्येक वस्तू तीनदा बुडवली, आकडे जवळजवळ तेच आले.

सिंह: कोरडा १८७.४ ग्रॅम, पाण्यातला आकडा ७२.८.
ड्रॅगनची वस्तू: ४१.६ आणि १४.१.
कुपी, बूच काढून, पाण्याने भरून: ५८.३ आणि २३.३.

भागाकार मी केला आहे, पण तुम्ही सांगा. मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं तर सिंहाच्या आत पांढरे ढग आहेत. ड्रॅगनच्या वस्तूत कडेने उजेड जातो, आत धुरकट दिसतं. कुपी सगळीकडे एकसारखी हिरवी.

खाणवाट_डिचोली

उत्तम मोजलंत. सिंह २.५७. हा सर्पेंटाइन. आतले पांढरे ढग आणि मेणचट चकाकी त्याला जुळतात. चीनमध्ये ल्याओनिंग प्रांतातल्या शिउयान भागात हा दगड उदंड निघतो आणि त्याची कोरीवकामं परदेशी गिऱ्हाइकांसाठी ढिगाने झाली आहेत.

ड्रॅगनची वस्तू २.९५. नेफ्राइटच्या अगदी मधोमध. एकट्या घनतेवर मी शिक्का मारत नाही, प्रयोगशाळेत प्रकाशाचा वक्रीभवनांक, म्हणजे दगडात शिरताना प्रकाश किती वळतो ते, बघतील. नेफ्राइटचा १.६१ च्या आसपास येतो. पण त्या किरकोळ म्हटलेल्या वस्तूला घराबाहेर पाठवू नका, एवढं मी आजच म्हणेन.

कुपी २.५०. ही काच असावी. भिंगातून बघा. आत गोल बुडबुडे किंवा पाकासारख्या वळणाच्या रेषा दिसल्या तर नक्की.

बार्देशचा_बाबा

म्हणजे तो घेणारा मुद्दाम सिंहाचं कौतुक करत होता?

कोनाडा

बाबा, त्याच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण ही रीत जुन्या बाजारात सर्रास चालते. हलक्या वस्तूचं तोंडभरून कौतुक करायचं, तिचा बरा भाव द्यायचा आणि जी हवी ती ‘सोबत’ उचलायची. घरच्या माणसांचं लक्ष मोठ्या, हिरव्या, दिसायला भरीव वस्तूकडे असतं. राखाडी नेफ्राइटकडे कुणी बघत नाही.

मी मुंबईत जुन्या कलावस्तूंच्या नोंदी करण्याचं काम बरीच वर्षं केलं, आता पर्वरीला असते. खाणवाटकाकांनी दगडाचं केलं, दुसऱ्या प्रश्नावर मी लिहिते.

अबोली, तुझी लांबोडकी वस्तू म्हणजे पट्ट्याचा आकडा. वळलेलं डोकं दुसऱ्या बाजूच्या कडीत अडकवायचं आणि खालचं बटण पट्ट्याच्या चिरेत बसवायचं. पाठीवरचा छोटा, शिंग नसलेला ड्रॅगन हा चिनी कामातला फार जुना विषय. मिंगनंतरच्या छिंग काळात, विशेषतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात, असे आकडे पुष्कळ झाले, आणि आजही होतात. त्यामुळे घाट बघून काळ ठरत नाही. हत्यारांच्या खुणा बघाव्या लागतात.

जेड छिन्नीने कोरता येत नाही. ते घासून काढावं लागतं. जुने कारागीर लोखंडी चकत्या पायाने फिरवायचे आणि दगडावर ओल्या वाळूचा लेप देत राहायचे: क्वार्ट्झ, गार्नेट, कुरुंदाची वाळू. झीज करत होती ती वाळू, चकती तिला फक्त फिरवत होती. अशा कामात खाचेचा तळ थोडा वरखाली असतो, कडा किंचित विरलेल्या असतात, वळणावर रेषा छोट्या छोट्या तुकड्यांनी जोडलेली दिसते. कारबोरंडम हा कृत्रिम घर्षक १८९१ चा. त्यानंतर हिऱ्याची पूड बसवलेली विजेवरची टोकं आली. ती दगडात सरळ शिरतात. खाच एकसारख्या रुंदीची, भिंती खड्या, आत समांतर बारीक ओरखडे, आणि रेषा संपते तिथे टोक पुढे घसरल्याची खूण. ब्रिटिश म्युझियममधल्या संशोधकांनी जेडवरच्या खाचांचे सिलिकोनचे ठसे घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, ते याच फरकासाठी. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण दहापट भिंग आणि तिरपा उजेड यांनी बरंच दिसतं.

कुठे बघायचं हे महत्त्वाचं. वस्तूचा दर्शनी भाग सगळेच चकचकीत करतात. तू ड्रॅगनच्या पोटाखाली बघ, जिथे तो मूळ पट्टीपासून सुटा केलेला आहे. ती फट पोकळ करायला आधी भोकं पाडतात, मग तार आणि वाळूने कापत जातात. चांगल्या जुन्या कामात त्या अंधाऱ्या जागेतही घासून गुळगुळीत केलेलं असतं, कारण वेळेचा हिशेब वेगळा होता. नव्या घाईच्या कामात तिथे खरखरीत पांढुरकेपणा आणि भोकांच्या अर्धगोल कडा तशाच राहतात. मग बटणाची मान. आणि ड्रॅगनचे डोळे, कान, मिशा: जुन्या हातात दोन्ही डोळे तंतोतंत सारखे नसतात, पण दोघांची नजर एकाच दिशेला असते.

त्यानंतर झीज. आकडा वापरात असेल तर कुठे घासेल? डोक्याच्या आतल्या वळणात, बटणाच्या खालच्या कडेला, पाठीवरच्या सर्वात उंच जागी. खोलगट भागात नाही. नकली जुनेपणात झीज सगळीकडे समान असते, कारण वस्तू डब्यात खडीबरोबर फिरवलेली असते किंवा आम्लात बुडवलेली असते. आम्लाने पूर्ण पृष्ठभाग मंद, बोथट होतो.

रंगाचंही सांगते. जमिनीत पुरलेल्या जेडवर तपकिरी, पिवळट छटा येते आणि काही जागी दगड पांढरा पडतो. हे नकली करायला रंग, चहा, पोटॅशियम परमँगनेट, भट्टीची आच, सगळं वापरतात. खरी छटा दगडाच्या भेगांतून आणि मऊ जागांतून आत झिरपत गेलेली असते, तिची कड धूसर असते. नकली रंग भेगेत गडद साचतो आणि भेगेबाहेर एकदम थांबतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या कपाटात राहिलेल्या वस्तूवर मात्र पुरल्याची खूण असायचं कारणच नाही, त्यामुळे ‘मातीचा डाग नाही म्हणजे नवीन’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पाखाडी

प्रश्न भाबडा असेल, पण लॅबमध्ये सरळ वय का काढत नाहीत? कार्बन डेटिंग?

खाणवाट_डिचोली

कार्बन डेटिंग एकेकाळी जिवंत असलेल्या पदार्थांचं होतं: लाकूड, हाड, कापड. दगडाच्या इतर पद्धतींनी निघेल ते दगड तयार झाल्याचं वय, आणि ते कोट्यवधी वर्षांत येतं. काल कोरलेला खोतानी दगड आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हान काळात कोरलेला, दोघांचं उत्तर सारखंच. रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र ‘नेफ्राइट, नैसर्गिक’ एवढं सांगतं. कोरीवकामाच्या वयाबद्दल ते काही बोलत नाही. ‘सर्टिफिकेट आहे’ म्हणून कुणी जुनेपणाचे पैसे मागितले तर ते प्रमाणपत्र पूर्ण वाचून काढा.

कोनाडा

याला पूरक दोन गोष्टी, दोन्ही चीनमधल्या.

२०११ मध्ये बीजिंगच्या एका लिलावात जेडचं शृंगारमेज आणि स्टूल हान काळातलं म्हणून २२ कोटी युआनला गेलं. नंतर च्यांगसू प्रांतातल्या फिचौच्या कारागिरांनी सांगितलं की ते आम्ही २०१० मध्ये केलं. दगड जेडच होता. पण हान काळात लोक जमिनीवर, चटईवर बसत. तेव्हा तसल्या उंच मेजासमोर स्टुलावर बसायची पद्धतच नव्हती. भिंग न लावता हा प्रश्न विचारता आला असता: ही वस्तू त्या काळात कोण, कशासाठी वापरत होतं?

दुसरी, जेडच्या तुकड्यांचे अंत्यवस्त्र. खरं कसं असतं ते १९६८ मध्ये हपै प्रांतात मानछंगला राजपुत्र ल्यू शंगच्या थडग्यात मिळालं. २४९८ तुकडे, सोन्याच्या तारेने शिवलेले, तार १.१ किलोच्या घरात. आणि एका उद्योजकाने असंच वस्त्र बनवून घेतलं, नामवंत तज्ज्ञांनी काचेच्या कपाटाबाहेरून बघून त्याचं मूल्य २.४ अब्ज युआन लिहून दिलं, आणि त्या कागदाच्या जोरावर बँकेकडून कर्ज उचललं गेलं. वस्तू हातात घेतल्याशिवाय दिलेलं मत कितीही मोठ्या माणसाचं असलं तरी मी धरत नाही. म्हणूनच अबोली, फोटोवरून मी तुझ्या आकड्याचा काळ सांगणार नाही, तू विचारलंस तरी.

आणखी एक गुंता आहे, तो लक्षात असू दे. जुन्या धाटणीची नक्कल करणं चीनमध्ये स्वतःच जुनं आहे. सुंग काळात (दहावं ते तेरावं शतक) प्राचीन घाटांची हौस होती आणि अठराव्या शतकात छ्यनलुंग बादशहाने प्राचीन धाटणीची कामं मुद्दाम करवून घेतली. म्हणजे हान काळाचा घाट असलेली वस्तू ‘हानची नाही’ म्हणून टाकून द्याल, आणि ती अडीचशे वर्षांपूर्वीची निघेल.

शंखशिंपले

आपल्याकडे जेडचं काम झालं ना? हैदराबादला सालारजंगमध्ये मी पूर्ण दालन बघितलं होतं. नूरजहानचा खंजीर, जहांगीरची सुरी. डोळ्यांचं पारणं फिटलं होतं.

कोनाडा

झालं, आणि असं झालं की चिनी बादशहाने ते मागवून संग्रह केला. छ्यनलुंगने १७५९ मध्ये शिनजियांग जिंकल्यावर मुघल धाटणीचं जेड त्याच्या दरबारी येऊ लागलं, त्याला ते ‘हिंदुस्तान’चं काम म्हणून विलक्षण आवडायचं. शाहजहानचा १६५७ चा पांढऱ्या नेफ्राइटचा प्याला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. एका टोकाला बकऱ्याचं डोकं, खाली उमललेलं कमळ, आणि भिंत इतकी पातळ की प्रकाश आरपार जातो. बघताना दगड आहे हे विसरायला होतं.

गोव्यात आणि मुंबईत ‘मुघल जेड’ म्हणून ज्या खंजिरांच्या मुठी पुढे येतात त्यांत बहुतेक सर्पेंटाइन किंवा राळ असते. कुंदनाकडे बघावं. खऱ्या कुंदनात शुद्ध सोन्याचा वर्ख दाबून दाबून खड्याभोवती बसवलेला असतो. नकलीत पितळी तार आणि गोंद, भिंगाखाली गोंदाची चमकती कड दिसते.

पाखाडी

बायकोची हाँगकाँगहून आणलेली हिरवी बांगडी आहे. तीही अशीच तपासायची?

खाणवाट_डिचोली

घनता मोजा, जेडाइट आहे का ते कळेल. पण दागिन्यांत वेगळा प्रकार चालतो. हलक्या जेडाइटला आम्लाने धुऊन त्यात पॉलिमर भरतात, त्याला बाजारात ‘बी’ म्हणतात. रंगवलं तर ‘सी’. काहीच केलेलं नसेल तर ‘ए’. पॉलिमर इन्फ्रारेड चाचणीत पकडतात. घरी ते होत नाही, मुंबई किंवा जयपूरच्या प्रयोगशाळेत द्या.

अबोली_फोंडा

कोनाडाताई, भिंग मिळवून बघितलं. ड्रॅगनच्या पोटाखालची फट आतपर्यंत गुळगुळीत आहे. एका पायामागे भोक पाडल्याची अर्धी कड राहिली आहे, पण तीही घासलेली. रेषा वळणावर तुटक जोडलेल्या आहेत, तुम्ही लिहिलंत तशा. डोक्याच्या आतल्या वळणात चकाकी वेगळी आहे, बोटाला निसरडं लागतं. कुपीत गोल बुडबुडे स्पष्ट दिसले.

कुपी काचेची म्हणून आंटी खट्टू झाल्या. ती त्यांच्या आईच्या देव्हाऱ्याजवळ असायची.

कोनाडा

आंटींना सांग, खट्टू व्हायचं कारण नाही. ती तपकिरीची कुपी. बीजिंगच्या राजवाड्यात १६९६ मध्ये काचेचा कारखाना निघाला, किलियन श्टुम्फ या जर्मन जेझुइट पाद्रींच्या मदतीने. जेडसारखी दिसणारी काच तिथे हेतुपूर्वक केली जायची. छिंग काळातल्या काचेच्या तपकीर-कुप्या जगभरचे संग्राहक काच म्हणूनच घेतात. तिची तळकड आणि तोंडाची कड हाताने घासलेली आहे का बघ. साच्यातून आलेल्या नव्या कुपीला बाजूंनी उभी शिवण दिसते आणि आतली पोकळी फार मोठी, सरळ असते.

पट्ट्याच्या आकड्याबद्दल तू लिहिलंस ते सगळं जुन्या हातकामाच्या बाजूने जातं. छिंग काळातला असणं शक्य आहे. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय याच्या पुढे जात नाही. एका रविवारी मी सासष्टीत येऊन बघीन, पैशांचा प्रश्न नाही.

तोपर्यंत आंटींकडून कागद काढून घे. आजोबांचं नेमणुकीचं पत्र, जहाजाचं तिकीट, वाटणीची यादी, कपाट मागे दिसणारा एखादा जुना फोटो. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्यातूनच चालायचा, आणि नंतरही इथली माणसं तिथे नोकरीला जात राहिली. त्यामुळे गोव्याच्या घरात चिनी वस्तू असणं स्वाभाविक आहे, पण नेमकं म्हणूनच ‘मकावहून आलेलं’ ही कथा इथल्या दुकानांत कुठल्याही वस्तूला जोडता येते. तुमच्याकडे ती कथा कागदाने सिद्ध होऊ शकते. तो कागद वस्तूसोबतच राहू दे.

मांडवीतीर

कायद्याचं मी सांगतो, वकिली करतो. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू त्यात येते. घरात ठेवणं आणि देशात विकणं याला बंदी नाही, पण पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. तो घेणारा परत आला की आधी परवाना दाखवायला सांगा. नुसतं तेवढं विचारल्यावर कित्येकजण परत येत नाहीत. काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी सक्तीची असते, त्याची चौकशी जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात करा.

दुसरं, देशाबाहेर नेणं. आंटींचे कुणी लिस्बनला असतील आणि आकडा सुटकेसमध्ये घालून न्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. खासगी व्यक्तीला पुरावस्तू निर्यात करता येत नाही. वस्तू शंभर वर्षांची नाही असं वाटत असेल तर तसं प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावं लागतं.

अबोली_फोंडा

भाचा लिस्बनलाच आहे, आणि त्याने मागितला होता! बरं झालं विचारलं.

आंटींशी बोलले. सिंह विकायचा, सर्पेंटाइन म्हणून, खरं सांगून. आकडा आणि कुपी कोनाडाताई बघेपर्यंत कपाटात कुलपात. त्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. तो दोनदा परत फोन करून ‘ते ड्रॅगनचं तेवढं द्या’ म्हणाला.

तांबडी_माती

मग उत्तर मिळालंच. 🙏

अबोली_फोंडा

शेवटचा प्रश्न. तिन्ही वस्तूंवर धूळ आणि तेलकटपणा आहे. धुऊ का? खोबरेल लावून चमकवायचं असं एका शेजारणीने सांगितलं.

कोनाडा

तेल, मेण, पॉलिश, काही लावू नकोस. तेलाने खाचा भरतात आणि मी यायच्या आधी हत्यारांच्या खुणा झाकल्या जातील. आकडा आत्ता आहे तसाच ठेव, खाचांतली धूळसुद्धा मला बघायची आहे. सिंह कोमट पाण्याने, मऊ दाढीच्या ब्रशने धुतलास तरी चालेल. कुपी बाहेरून ओल्या फडक्याने पूस.

बुचाचा चमचा वेगळा ठेव आणि पाणी लावू नकोस. असे चमचे कधी हाडाचे असतात, कधी हस्तिदंताचे. भिंगातून बघितल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. हाडात बारीक काळसर ठिपके आणि आडव्या-उभ्या चिरा दिसतात. हस्तिदंत निघाला तर मांडवीतीर यांना विचार, कारण हस्तिदंताच्या विक्रीला आपल्याकडे बंदी आहे आणि कुपी विकताना चमचा त्यासोबत देता येणार नाही.

मांडवीतीर

बरोबर. वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. चमच्याचा जवळून फोटो टाका, आणि तोवर कुपीबद्दल कुणालाही शब्द देऊ नका.